गिअरच्या सायकलची चेन पुन्हा पुन्हा उडते आणि दुकानात नुसतं ‘सेटिंग’ होतं: घरी काय तपासायचं

लक्षण आधी सांगतो. एकवीस गिअरची सायकल, घेऊन सव्वा वर्ष झालेलं. सीटवरून उठून जोर लावला की मागून ‘कट्ट’ असा आवाज येतो, पायडल एकदम मोकळं जातं आणि पाय घसरतो. मधल्या गिअरला टाकलेली चेन आपोआप शेजारच्या चकतीवर चढते, परत खाली येते. दुकानातून आणली की तीन-चार दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ही सायकल मी लातुरातल्या दोन दुकानांत मिळून पाच वेळा नेली. पाचही वेळा पैसे दिले. बिघाड शेवटी सापडला तो घरच्या अंगणात, सायकल उलटी ठेवून, पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं.

सायकल माझ्या मुलीची आहे. ती अकरावीला आहे आणि पहाटे साडेपाचला, अंधार असतानाच ट्यूशनला निघते. सिग्नल सुटला, मागं ऑटो आणि ट्रॅव्हल्सची गाडी आहे आणि नेमका तेव्हा पाय घसरला तर काय होईल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नव्हता. लातुरात शिकायला आजूबाजूच्या तालुक्यांतून, नांदेड-बीडकडून कितीतरी मुलं येतात, खोली करून राहतात, आणि पहिल्या महिन्यात सायकल घेतात. त्यांच्याबरोबर दुकानात जाणारं मोठं माणूस कुणी नसतं. ही माहिती मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय.

पाच फेऱ्यांत काय झालं

पहिल्या फेरीत पोऱ्यानं मागच्या गिअरचे तिन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवले, हातानं पायडल मारून दाखवलं आणि म्हणाला, “सेटिंग केलंय काका, आता काही होत नाही.” पाच दिवस चालली. दुसऱ्या फेरीत केबल बदलली. केबल जुनी झालेली नव्हती, पण मी बोललो नाही. तिसऱ्यांदा दुसऱ्या दुकानात गेलो. तिथं चेन सैल पडलीय असं सांगून दोन कड्या काढून टाकल्या. चौथ्यांदा तिथंच त्याच आखूड मापाची नवी चेन टाकली, आणि त्यानंतर त्रास दुप्पट झाला. आधी चढावर उडणारी चेन आता सपाट रस्त्यावरही उडायला लागली. पाचव्या फेरीत मालक म्हणाला, “ही सायकलच अशी हाय सर. कंपनीचा माल हलका यायलाय. दुसरी घ्या.”

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, तर पाच फेऱ्यांत एकानंही माझ्या मुलीला एक साधा प्रश्न विचारला नाही: सायकल पडली होती का?

पडली होती. ट्यूशनच्या बाहेर चाळीस-पन्नास सायकली ओळीनं साइड स्टँडवर लावलेल्या असतात. एकीला धक्का लागला की सगळी ओळ आडवी होते. मे महिन्याच्या शेवटी असंच झालं होतं, आणि हिची सायकल उजव्या अंगावर पडून तिच्यावर दोन-तीन सायकली होत्या. तिनं उचलली, झटकली, घरी आली. मला सांगायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही, कारण सायकल चालत होती.

मुळात काय बिघडलं होतं

मागच्या चाकाजवळ लोंबणारा, दोन छोट्या पुल्या असलेला जो भाग चेनला एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलतो, त्याला दुकानात नुसतं ‘मागचा गिअर’ म्हणतात. त्याचं नाव डिरेलर. तो सायकलच्या फ्रेमला थेट जोडलेला नसतो. मधे एक छोटी धातूची पट्टी असते, तिला हँगर म्हणतात. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ही पट्टी मुद्दाम मऊ केलेली असते, म्हणजे सायकल पडली तर पट्टी वाकेल पण फ्रेम आणि डिरेलर वाचतील. लोखंडी फ्रेमच्या स्वस्त सायकलीत ती चाकाच्या नटाखाली आवळलेली असते. दोन्हीकडे सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला मार तिलाच बसतो.

मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला फ्रीव्हील म्हणतात. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ५ मिलिमीटर असतं. हँगर थोडासा वाकला तरी खालची पुली दोन-तीन मिलिमीटर आत सरकते. म्हणजे डिरेलर निम्म्या चकतीनं चुकतो. आता तुम्ही स्क्रू कितीही फिरवा, एका गिअरला जुळवलं की दुसऱ्याला बिघडतं, कारण डिरेलर तिरका उभा आहे आणि प्रत्येक चकतीपाशी त्याची चूक वेगळी पडते. ‘सेटिंग’ तीन-चार दिवस का टिकतं ते यावरून कळेल: मिस्त्री एक-दोन गिअर जुळवून देतो आणि बाकीचे जोर लावून कुणी बघतच नाही.

चौथ्या फेरीनंतर त्रास वाढला त्याचं कारण वेगळं. सव्वा वर्षात चेन खरोखर झिजली होती. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी उडते. त्यात चेनला गाडीचं जाड ऑइल घातलं की माती आणि तेल मिळून घासायचा लगदा होतो आणि तो प्रत्येक कडीच्या पिनेला आतून खातो. झिजलेली चेन फ्रीव्हीलचे दातेही स्वतःच्या मापानं झिजवते. मग त्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली तर ती बसत नाही, जोर लावला की दात्यावर चढून सटकते. चेन बदलली तेव्हाच फ्रीव्हील बघायला हवं होतं. ते बघितलं नाही. म्हणजे सायकलीत दोन निरनिराळे बिघाड होते, एक पडल्यामुळे आणि एक झिजेमुळे, आणि दोन्हींची लक्षणं सारखी दिसत असल्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जात होतं.

तपासायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. आधी हँगर, मग चेन, मग फ्रीव्हील, मग केबल, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी. दुकानात बरोबर उलटं होतं, कारण स्क्रू फिरवायला एक मिनिट लागतं.

हँगर बघायला सायकल सरळ उभी करा, चेन मधल्या चकतीवर ठेवा आणि मागून, डोळा चाकाच्या उंचीला आणून बघा. चकती, वरची पुली आणि खालची पुली एका उभ्या रेषेत दिसायला हव्यात. खालची पुली चाकाकडे आत झुकलेली दिसली तर हँगर वाकलाय, पुढं काही तपासायची गरज नाही. शंका राहिली तर अजून एक पक्की पद्धत आहे. डिरेलर ५ मिलिमीटरच्या अॅलन चावीनं सोडवा. हँगरच्या भोकाचे आटे १० मिलिमीटर जाडीचे आणि १ मिलिमीटर अंतराचे असतात, आणि क्विक रिलीज (पान्ह्याशिवाय, कळ उघडून चाक सोडायची सोय) असलेल्या बऱ्याच मागच्या चाकांच्या आसालाही तेच आटे असतात. असं एखादं चाक मित्राकडून आणून त्याचा आस हँगरमध्ये हातानं फिरवून बसवा. आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढं, मागं पट्टीनं मोजा. सगळीकडे सारखं आलं तर हँगर सरळ. माझ्याकडे वरच्या आणि खालच्या मापात १४ मिलिमीटरचा फरक आला. चांगल्या दुकानात यासाठी लांब दांड्याचं गेज असतं, पण लातुरात मी ज्या दोन दुकानांत गेलो तिथं ते नव्हतं, आणि नाही असं कुणी सांगितलंही नाही.

वाकलेला हँगर एकदा सरळ करता येतो. पुन्हा पुन्हा केला तर अॅल्युमिनियम तडकतं. नवा घेणं बरं, पण हँगरचे आकार शेकड्यानं आहेत आणि एकाचा दुसऱ्याला बसत नाही. फोनवर सायकलचं नाव सांगून मागवू नका. जुना काढून, त्याचा फोटो पट्टीशेजारी ठेवून पाठवा, भोकांमधलं अंतर मोजून लिहा. मला तो पुण्याहून मागवावा लागला. मागवायचाच होता म्हणून दोन मागवले.

चेन मोजायला स्टीलची इंचाची पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. म्हणजे २४ कड्या नवेपणी १२ इंच भरतात. शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिच्यापुढची चोविसावी पिन कुठं येते ते बघा. १२ इंचांवर आली तर चेन चांगली. सोळांश इंच पुढं गेली, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, तर चेन लगेच बदला, फ्रीव्हील बहुतेक वाचेल. अष्टमांश इंच पुढं गेली तर दोन्ही बदलायची तयारी ठेवा. चौथ्या फेरीत काढलेली जुनी चेन मी दुकानातून मागून आणली होती, ती घरी मोजली: अष्टमांश इंचाच्याही थोडी पुढं. ती चेन मागून आणली नसती तर फ्रीव्हीलचा विचार माझ्या डोक्यात आलाच नसता.

फ्रीव्हील बदलताना एक लक्षात ठेवा. सहा-सात गिअरच्या बहुतेक साध्या सायकलींत फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसवलेलं असतं आणि ते काढायला त्याच्या खाचांत बसणारा खास रिमूव्हर लागतो. तो नसेल तर काही ठिकाणी छिन्नी आणि हातोडी घेतात. छिन्नी हातात दिसली की सायकल परत मागून घ्या. हबचे आटे गेले तर चाक गेलं.

चेन पायडलच्या दर काही फेऱ्यांनी एकदाच, ठरावीक अंतरानं उडत असेल तर कारण वेगळं असू शकतं. पायडल हातानं उलटं, अगदी सावकाश फिरवा आणि खालच्या पुलीकडे बघत राहा. एखादी कडी वळताना ताठ राहील, पुलीवरून जाताना डिरेलरला हिसका देईल. चेन तोडून जोडताना पिन हातोडीनं ठोकून बसवली की ती कडी अशी आखडते. दोन्ही बाजूंनी बोटांत धरून आडवी हलवली तर पुष्कळदा मोकळी होते. पण जोडायला तुमच्या गिअरच्या संख्येला चालणारी क्विक लिंक, म्हणजे पिन न ठोकता जोडता येणारी कडी, वापरणं सगळ्यात चांगलं, आणि ती पाकिटात येते, महाग नसते.

चेनच्या दोन कड्या कापल्या होत्या त्याबद्दलही सांगायला हवं. गिअरच्या सायकलीत चेन सैल दिसली म्हणून कापायची नसते, कारण तो सैलपणा डिरेलरच सांभाळतो. लांबी ठरते ती पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून. आखूड चेन चुकून त्या जोडीवर गेली तर डिरेलर ताणला जाऊन तुटतो, चाकात जातो. साध्या सायकलीत सैल चेन कापणं किंवा चाक मागं ओढणं हाच उपाय असतो, आणि दुसऱ्या दुकानातल्या माणसाचा हात त्याच सवयीचा होता. त्याची लबाडी होती असं मला वाटत नाही. पण ती चेन तशीच राहिली असती तर माझ्या पोरीचं चाक रस्त्यात अडकलं असतं.

एवढं सगळं नीट असेल तर केबल. कळ दाबल्यावर चेन मोठ्या चकतीवर चढायला कुचराई करत असेल तर केबल सैल आहे. डिरेलरमध्ये केबल शिरते तिथली गोल नळी, मागून बघताना, घड्याळाच्या उलट दिशेनं अर्धा फेरा फिरवा. उलट, लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल तर तीच नळी घड्याळाच्या दिशेनं. दोन-तीन अर्ध्या फेऱ्यांत जुळलं नाही तर केबलच्या आवरणात माती किंवा गंज आहे. नवी केबल पहिल्या आठवड्यात थोडी सैल पडतेच, तेव्हा नळी एकदा फिरवायला दुकानात जायची गरज नाही.

उरले ते एच आणि एल लिहिलेले स्क्रू. त्यांचा गिअर उडण्याशी संबंध नसतो. डिरेलरनं बाहेर आणि आत कुठवर जायचं, एवढीच हद्द ते ठरवतात. एल जास्त मोकळा झाला तर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. म्हणून कुणी हे स्क्रू हाताळण्याआधी फोटो काढून ठेवा.

पंक्चर, जे दर आठवड्याला होतं

हा त्रास माझ्या स्वतःच्या सायकलला झाला. मी औशाच्या रस्त्यानं रोज थोडं अंतर जातो. तीन आठवड्यांत मागच्या चाकाचं चार वेळा पंक्चर निघालं, चारही वेळा ठिगळ लावून मिळालं. चौथ्यांदा ट्यूब मी घरी काढली. चारही ठिगळं तळहाताएवढ्या जागेत होती. ट्यूब एवढ्याशा जागेतच वारंवार फुटते म्हणजे फोडणारी वस्तू टायरमध्ये अजून आहे.

ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या स्टीलच्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला पसरतात. साखर कारखाने चालू झाले आणि उसाचे ट्रॅक्टर धावू लागले की कडेनं जाणाऱ्याला दुसरी जागाही नसते. केसाएवढी तार टायरमध्ये घुसते, आत अर्धा मिलिमीटर डोकावते आणि बोटाला लागत नाही. मेडिकलचा कापूस घ्या आणि टायरच्या आतून दोन्ही दिशांना फिरवा. तार असेल तिथं कापसाचा धागा अडकतो. मला ती तशीच सापडली, नखं कापायच्या यंत्रानं ओढून काढली.

छिद्र कुठं आहे ते वाचायला शिकलं की निम्मं काम होतं. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूनं खूण करा, म्हणजे ट्यूबमधलं छिद्र आणि टायरमधली जागा जुळवता येते. बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर काटा. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि त्याचं टोक आत असतं. सराट्यांचं पीक पावसाळा सरला की पायवाटांवर वाळतं. आतल्या, रिमकडच्या अंगाला छिद्र असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय, अशा वेळी टायर तपासून काही मिळणार नाही. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. टायरच्या बाजूला किती हवा भरायची ते छापलेलं असतं. मोटरसायकलच्या कॉम्प्रेसरनं अंदाजे भरू नका, सायकलची ट्यूब एवढी लहान असते की दोन सेकंदांत हद्द ओलांडते.

टायर बदलायची वेळ आली तेव्हा दुकानदारानं “अठ्ठावीसचं हाय, सगळं एकच” म्हणून टायर दिलं. घरी बसवताना ते रिमवर ढिलं पडलं. जुन्या टायरवर ३५-६२२ छापलेलं, नव्यावर ४०-६३५. दुसरा आकडा हा टायर जिथं रिमवर बसतं त्या वर्तुळाचा व्यास असतो, मिलिमीटरमध्ये, आणि तो जुळलाच पाहिजे. आपल्या जुन्या उभ्या दांड्याच्या सायकलीचं २८ इंची टायर ६३५चं असतं, ७००सी लिहिलेल्या सायकलचं ६२२चं. तेरा मिलिमीटरच्या फरकानं हवा भरताना टायर रिमवरून निसटतं. सव्वीसमध्येही हाच घोटाळा आहे: जाड टायरची २६ इंची रिम ५५९ची, आणि २६ गुणिले १ ३/८ लिहिलेली साधी रिम ५९०ची. इंच विसरा, फक्त हा तीन आकडी नंबर चिठ्ठीवर लिहून न्या. माझं टायर पाकीट फोडलंय म्हणून परत घेतलं नाही. ते अजून माळ्यावर आहे.

दुरुस्तीत होणारं नुकसान

काही बिघाड दुकानातच जन्माला येतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेनं आवळतं. पायडलवर एल आणि आर कोरलेलं असतं. गर्दीच्या दिवसांत नवशिका पोरगा डावं-उजवं अदलाबदल करून पान्ह्यानं जोर लावतो, पायडल स्टीलचं असतं आणि क्रँक, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो दांडा, अॅल्युमिनियमचा, त्यामुळे क्रँकचे आटे कापले जातात. तीस-चाळीस किलोमीटर चालवल्यावर पायडल निखळून हातात येतं. मग सांगतात, “तुम्ही पाडली असंल.” नवी सायकल घेतली की पहिल्याच दिवशी अक्षरं बघा. पायडल पहिले तीन-चार फेरे हातानं सहज फिरायला हवं.

डिस्क ब्रेक असेल तर चेनवर तेलाचा फवारा मारू देऊ नका. एक थेंब डिस्कवर उडाला तर ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. डिस्क मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून निघते, पण पॅडनं तेल पिलं असेल तर पॅड बदलणं हाच उपाय. ब्रेक नुसता घासत असेल तर कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेकची कळ दाबून धरा आणि तशीच आवळा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

आणि गाड्या धुवायच्या सेंटरवर जोराच्या फवाऱ्यानं सायकल धुऊ नका. पाणी हबमध्ये आणि क्रँकच्या छर्ऱ्यांत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं हे शहर आहे. इथं तसंही सायकल धुवायला पाणी उधळू नये. जुना दात घासायचा ब्रश, चिंधी आणि थोडं रॉकेल पुरतं. चेन पुसायची, वाळू द्यायची, प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून टाकायचं. तेल पिनेच्या आत हवं, बाहेर नको.

दुकानात जाताना

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक वरचेवर तुटायचे तेव्हा मी गंजगोलाईच्या बाजूच्या गल्लीत एका वयस्क मिस्त्रीकडे गेलो. त्यांच्याकडे गिअरचं एकही हत्यार नव्हतं आणि ते त्यांनी दारातच सांगितलं: “गिअरला म्या हात लावत नाही, चाक ठेवून जावा.” त्यांनी नुसता तुटलेला स्पोक बदलून चाक परत दिलं नाही. सगळे छत्तीस बोटानं वाजवून बघितले, आवाज सारखा येईपर्यंत एकेक आवळला आणि मग आऊट काढला, म्हणजे चाकाचं डुलणं घालवलं. एक स्पोक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर गेलेला असतो, म्हणून एकट्यालाच बदललं तर पुढच्या महिन्यात शेजारचा तुटतो, हे त्यांनी काम करता करता समजावलं. दोन वर्षं झाली, एकही स्पोक तुटला नाही. माझ्या लेखी चांगल्या सेवेची खूण हीच: जे येत नाही ते येत नाही म्हणणं, आणि जे येतं ते मुळापासून करणं. काचेच्या शोरूममध्ये हे मिळेलच असं नाही, आणि टपरीत मिळणार नाही असंही नाही.

जून-जुलैत शाळा-कॉलेजं सुरू होताना दुकानदार नव्या सायकली जोडण्यात बुडालेले असतात. दुरुस्ती पोऱ्याच्या हातात जाते. जमलं तर तो काळ टाळा, किंवा दुपारी बारा-एकला जा. “गिअरला त्रास आहे” असं कधीच सांगू नका, कारण त्याचं उत्तर ‘सेटिंग’ हेच असतं. “हँगर आत वाकलाय, तो सरळ करून द्या, गेज आहे का?” असं विचारा. आहे किंवा नाही, एवढंच उत्तर हवं. काय करायचं ते कागदावर लिहून द्या, किती लागतील ते आधी विचारा, न विचारता दुसरं काही बदलू नका असं सांगा, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागा. परत न्यायच्या वेळी हातानं पायडल मारून दाखवलेलं मान्य करू नका. जोर लावल्याशिवाय हा बिघाड दिसतच नाही. दुकानासमोर सायकलवर बसा, पुढचा ब्रेक हलका धरा आणि प्रत्येक गिअरला उभं राहून दोन पायडल मारा.

पावती मागा, हातानं लिहिलेली चालेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दुरुस्तीसारख्या सेवेलाही लागू आहे, आणि पावती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी तक्रार केली नाही. पहिल्या चार फेऱ्यांत माझ्याकडे एकही पावती नव्हती, आणि पाचव्या फेरीत पावती मागितली तेव्हा मालकानं मुलीसमोर मला विचारलं, “विश्वास नाही का?” त्या वेळी मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

सप्टेंबरच्या शेवटी नवा हँगर बसवला, नवं फ्रीव्हील टाकलं, आणि चेनला क्विक लिंक लावून कापलेल्या दोन कड्यांच्या जागी दोन परत जोडल्या. रिमूव्हर मी विकत घेतला आणि लांब पाइप लावून फ्रीव्हील घरीच सोडवलं. तेव्हापासून चेन उडालेली नाही. दुसरा हँगर तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात आहे, अॅलन चावीसकट, आणि तो बदलायचा कसा हे तिला येतं. ट्यूशनला ती आता सायकल ओळीत लावत नाही. पलीकडच्या भिंतीपाशी, उजवी बाजू भिंतीकडे करून लावते.